किरिन बेट नक्की कुठे आहे?

अर्धविराम

लेकीने पेचात पकडलंय, म्हणून हा धागा.

वय वर्षं नऊ. एनिड ब्लायटनच्या फेमस फाइव्हची एकवीसच्या एकवीस पुस्तकं वाचून झालीत, त्यातली निम्मी दोनदा. ऑगस्टमध्ये माझं लंडनला आठवडाभर काम आहे, मायलेकीही येतायत. एक दिवस मोकळा आहे, काय बघायचं म्हणून तिला विचारलं. माझ्या मनात लंडन आय, म्यूझियम असलं काहीतरी होतं. तिने पुस्तकातून मान वर न करता सांगितलं, "किरिन."

"अगं, ते खोटं आहे. गोष्टीतलं."

"बेट खोटं असेल. पण कुठलं तरी बघूनच लिहिलं असेल ना?"

यावर बापाकडे उत्तर नव्हतं. शोधाशोध केली तर जिकडेतिकडे एकच नाव, डॉर्सेटमधला कॉर्फ कॅसल. फोटोत पडका किल्ला झकास दिसतो. मग नकाशा उघडला आणि बघतो तर काय, किल्ला चक्क जमिनीवर! चहूबाजूंनी कुरणं, समुद्र काही किलोमीटर लांब. आता ती तिथे पोहोचल्यावर "पाणी कुठाय?" म्हणून विचारणार, हे मला आत्ताच दिसतंय.

तर जाणकारांनी सांगा, एनिड ब्लायटनच्या डोळ्यांसमोर नेमकी कुठली जागा होती? लंडनहून एका दिवसात जाऊन येता येईल अशी असली तर सोन्याहून पिवळं.

भोचक_भवानी

जिंजर बिअर घेऊन बसलेय. होऊ द्या सुरू.

खारे_वारे

प्रश्न सुटलेला आहे हो. कॉर्फच.

मी गेली बारा वर्षं तिथून दीडेक तासावर राहतो, त्यामुळे माझा पक्षपात आधीच मान्य करून टाकतो. पण पुरावे बघा. ब्लायटनबाई वर्षानुवर्षं सुट्टीला डॉर्सेटच्या स्वॉनेज गावात यायच्या. रात्रीच्या जेवणाआधी तिथल्या दोन्ही धक्क्यांना वळसा घालून पोहून यायचा त्यांचा नेम होता. स्वॉनेजपासून कॉर्फ आठेक किलोमीटर. पडका किल्ला, गावात दगडी घरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जॅकडॉ. करड्या मानेचे ते छोटे कावळे आजही भिंतींच्या भोकाभोकातून घरटी करून कलकलाट करत असतात. किरिनच्या किल्ल्यात एका टॉवरवर कोण राहतं, आठवतंय ना? आणि त्यांनी खाली पाडलेल्या काटक्या गोळा करून मुलं शेकोटी करतात.

शिवाय १९५७ मध्ये पहिल्या पुस्तकावर मुलांसाठी सिनेमा निघाला, त्यात किरिनचा किल्ला म्हणून कॉर्फच वापरलाय.

नकाशेवेडा

@खारे_वारे, सिनेमा पुस्तकानंतर पंधरा वर्षांनी आला. दिग्दर्शकाला जो किल्ला सोयीचा वाटला तो त्याने घेतला. हा पुरावा कसा काय?

कॉर्फच्या विरोधात माझे मुद्दे:

बेट नाही, हे धागाकर्त्याने सांगितलंच आहे. पण जरा प्रवास बघा. पहिल्या पुस्तकात मुलं लंडनहून सकाळी गाडीने निघतात, वाटेत टेकडीवर बसून जेवतात आणि पोहोचेपर्यंत दिवस कलतो. लंडन ते कॉर्फ साधारण १९० किलोमीटर. रमतगमत गेलं तरी दुपारच्या चहाला पोहोचायला हवेत. म्हणजे जागा आणखी पश्चिमेला आहे. डेव्हन, नाहीतर थेट कॉर्नवॉल. "किरिन" हा उच्चारही मला कॉर्निशच वाटतो.

गोगलगाय

कॉर्नवॉलला +१. लहानपणापासून तेच डोक्यात आहे. का ते सांगता येणार नाही.

चकवाचांदणी

कॉर्नवॉल अजिबात शक्य नाही, आणि हे पुस्तकातच आहे.

पहिल्याच पानावर आईबाबा सांगतात की यंदा नेहमीच्या जागी, म्हणजे पोलसेथला, जायला जमणार नाही. पोलझेथ नावाचं खरं गाव कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आहे. एकच अक्षर इकडचं तिकडे केलंय बाईंनी. म्हणजे कॉर्नवॉल ही त्यांची "नेहमीची" जागा आणि किरिन ही वेगळी, नवीन. दुसरं म्हणजे बाराव्या पुस्तकात (१९५३) ही मंडळी आगगाडीत बसून कॉर्नवॉलच्या ट्रेमॅनन फार्मवर राहायला जातात. किरिन कॉर्नवॉलमध्ये असतं तर कॉर्नवॉलला जातोय म्हणून एवढा गाजावाजा कशाला केला असता?

नकाशेवेडा

@चकवाचांदणी, मुद्दा बिनतोड आहे. कॉर्नवॉल मागे घेतो. पण मग हाच नियम डॉर्सेटलाही लावा! फिनिस्टन फार्मच्या पुस्तकात (१९६०) पाचही जण डॉर्सेटमधल्या शेतावर जातात आणि तिथे डॉर्सेटचं नाव उघड घेतलंय. मग किरिन डॉर्सेटमध्ये कसं?

खारे_वारे

कारण डॉर्सेट म्हणजे एक गल्ली नव्हे. फिनिस्टन फार्म ज्यावरून घेतलं ते स्टोर्टन कॉन्डल गाव परगण्याच्या उत्तरेला, पार आतल्या भागात. तिथलं मॅनर फार्म ब्लायटनबाईंनी १९५६ मध्ये विकतच घेतलं होतं. किनाऱ्यावर राहणारी मुलं त्याच परगण्यात आत शेतावर राहायला गेली, यात काय अडचण?

आणि प्रवासाच्या वेळेबद्दल: इंग्लंडमधला पहिला मोटरवेचा तुकडा उघडला डिसेंबर १९५८ मध्ये. त्याआधी प्रत्येक गावाच्या मधून, मेंढरांच्या मागून जायचं. त्यात तीन मुलं, सामान आणि वाटेत पोटभर जेवण. १९० किलोमीटरला दिवस गेला तर मला नवल वाटत नाही. मी स्वतः आजच्या रस्त्याने ऑगस्टच्या शनिवारी चार तास अडकलोय.

भोचक_भवानी

@अर्धविराम हे शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवा. किरिन कुठेही असो, शनिवारी जाऊ नका.

टिपकागद

इथे अजून कोणी जर्सीचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

बार्बरा स्टोनी यांनी ब्लायटनचं चरित्र लिहिलंय, १९७४ चं. त्यात सरळ आहे की किरिनचं बेट, किल्ला आणि गाव यांचं मूळ जर्सीत आहे. पहिल्या लग्नानंतर १९२४ मध्ये बाई मधुचंद्राला तिथे गेल्या होत्या. जर्सी म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं चॅनल आयलंड. तिथे सेंट हेलियरच्या समोर उपसागरात एलिझाबेथ कॅसल आहे, खडकाळ बेटावर. ओहोटीला समुद्रातून फरसबंद वाट उघडी पडते आणि चालत जाता येतं. भरती आली की वाट पाण्याखाली आणि किल्ला बेटावर एकटा. तिथे भरती-ओहोटीतला फरक १२ मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडते-वर येते असं समजा.

बेट आहे, किल्ला आहे, उपसागर आहे, समोर गाव आहे. अजून काय पाहिजे?

अर्धविराम

हे तर जमतंय की! फक्त एका दिवसात जर्सी... विमानाने?

शंखशिंपले

थांबा, तिकीट काढू नका. किरिनला चालत जाता येत नाही. बेट जिचं त्या जॉर्जची होडी लागते आणि खडकांमधून वाट फक्त तिलाच ठाऊक असते. सगळ्या पुस्तकांचा जीव त्या एका गोष्टीत आहे. ज्या बेटावर कुणीही चपला हातात घेऊन चालत जाऊ शकतं ते जॉर्जचं बेट कसलं!

मधली_सुट्टी

@शंखशिंपले, अगदी अगदी. मला आठवतंय, तिसरीत असताना मी बाकाच्या आत पुस्तक ठेवून वाचायचे आणि जॉर्ज वल्ही मारते तिथे माझे खांदे हलायचे. बाईंनी त्यावरूनच पकडलं.

अवांतर: खांदे हलवत वाचणारं दुसरं कोणी आहे का इथे?

गोगलगाय

मी वाचताना पाय हलवायचो. अजून हलवतो, पण आता त्याला डॉक्टर वेगळं नाव देतात.

काजवा_७१

मंडळी, तुम्ही सगळे "कुठे" विचारताय. मला वाटतं "कधी" हेही विचारायला हवं.

पहिलं पुस्तक १९४२ चं. ते वर्ष डोळ्यांसमोर आणा. इंग्लंडचा दक्षिण किनारा काटेरी तारा आणि सुरुंगांनी बंद होता. त्याच उन्हाळ्यात खाजगी गाड्यांना मिळणारं साधं पेट्रोल रेशनसुद्धा बंद झालं, म्हणजे बाबा-आई-मुलं गाडीत बसून समुद्रावर चाललीत ही गोष्ट छापली जात असताना वाचणाऱ्या पोरांच्या घरची गाडी ठोकळ्यांवर उभी होती. टिपकागद म्हणतात त्या जर्सीवर तर १९४० पासून जर्मनांचा ताबा, तो सुटला मे १९४५ मध्ये. एलिझाबेथ कॅसलवर जर्मन सैनिक आणि तोफा होत्या. आणि खारे_वारेंचा डॉर्सेट किनारा? पर्बेकमधलं टायनम गाव डिसेंबर १९४३ मध्ये लष्कराने सरावासाठी रिकामं करवलं, गावकऱ्यांना परत कधी येऊच दिलं नाही. स्टडलंडच्या पुळणीवर एप्रिल १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीची रंगीत तालीम झाली, खऱ्या तोफगोळ्यांनिशी, आणि ती बघायला चर्चिल आणि आयझेनहॉवर आले होते.

पुस्तकात यातलं अक्षरही नाही. सोन्याच्या विटा, बुडालेलं जहाज, हॅम सँडविच. म्हणजे त्या वर्षी किरिन कुठेच नव्हतं. जर्सीतही नाही, डॉर्सेटमध्येही नाही. बाईंनी लिहिलं ते युद्धाआधीच्या आठवणीतून. आणि आठवणीत दोन जागा एकमेकींत मिसळायला कितीसा वेळ लागतो?

चकवाचांदणी

काजवाकाका, हा प्रतिसाद वेगळा धागा करून टाका. पेट्रोलचं डोक्यातच आलं नव्हतं. मी तर ते "फार जुनं इंग्लंड" समजून वाचत आले.

टिपकागद

काकांना दुजोरा. १९५३ च्या सुमारास पीटर मॅकेलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बाईंना विचारलं होतं की तुम्हाला गोष्ट सुचते कशी. त्यांनी लांबलचक पत्रं लिहून उत्तर दिलं. सारांश असा की डोळे मिटून, टंकयंत्र मांडीवर घेऊन बसायचं. डोक्यात खाजगी सिनेमाचा पडदा असल्यासारखी पात्रं चालायला-बोलायला लागतात आणि मी फक्त उतरवून घेते. आधी आराखडा नाही, पुढे काय होणार ते त्यांनाही माहीत नसायचं. कधीकाळी पाहिलेल्या, विसरलेल्या जागा आतल्या आत रूप बदलून वर येतात, अशी त्यांची समजूत होती.

अशा लेखिकेच्या गावाचा नकाशा जुळवायचा म्हणजे स्वप्नातल्या घराचा पत्ता विचारण्यासारखं आहे.

नकाशेवेडा

म्हणून तर पुस्तकांत घोळ आहेत! बेट आणि घर जॉर्जच्या आईच्या माहेरचं, हे पहिल्या पुस्तकात स्पष्ट आहे. मग पुढे तिच्या बाबांचं, क्वेंटिनकाकांचंच आडनाव किरिन कसं झालं? घरजावई?

भोचक_भवानी

घरजावई असल्यामुळेच कायम खोलीचं दार लावून चिडचिड करत बसलेले असतात. आता सगळं जुळलं.

काजवा_७१

हाहाहा. चहा सांडला.

मधली_सुट्टी

बाईंच्या सगळ्याच मालिका इतक्या सरमिसळ नाहीत हं. फॅटी आणि मिस्टर गून यांचं पीटर्सवुड घ्या. ते बकिंगहॅमशरमधलं बोर्न एंड, यावर बहुतेकांचं एकमत आहे. थेम्सकाठचं गाव, छोटं स्टेशन, आणि बाई १९२९ ते १९३८ तिथेच ओल्ड थॅच नावाच्या गवती छपराच्या घरात राहत होत्या. तिथून मग बीकन्सफील्डला ग्रीन हेजेसमध्ये गेल्या. पीटर्सवुडची पुस्तकं १९४३ पासूनची, म्हणजे गाव सोडल्यावर पाच वर्षांनी.

त्यांच्या मुलींच्या शाळेच्या मालिकेची, मॅलरी टॉवर्सची, मात्र गंमत आहे. शाळा कॉर्नवॉलमध्ये असं पुस्तकच सांगतं. पण खडकात कोरलेला, भरतीच्या पाण्याने भरणारा पोहण्याचा तलाव म्हणजे डॉर्सेटमधला डान्सिंग लेज, असं म्हणतात. तिथे खरोखरच एका शाळेच्या मुलांसाठी सुरुंग लावून खडकात तलाव केलेला आहे. शाळा एका परगण्यातली, तलाव दुसऱ्या परगण्यातला!

गोगलगाय

मिस्टर गूनचं नाव काढल्याबद्दल धन्यवाद. आता वीकेंड गेला.

शंखशिंपले

याच्या उलट उदाहरण आर्थर रॅन्समचं. त्याची तलावातली बोटवाली मुलं (पहिलं पुस्तक १९३०) वाचणाऱ्यांनी लेक डिस्ट्रिक्ट अक्षरशः पिंजून काढलाय. वाइल्ड कॅट आयलंड म्हणजे बरंचसं कॉनिस्टन तलावातलं पील आयलंड, मुलं ज्याला कांचनगंगा म्हणतात तो डोंगर म्हणजे ओल्ड मॅन ऑफ कॉनिस्टन. पण तलाव स्वतः? अर्धा कॉनिस्टन, अर्धा विंडरमिअर. तुकडे खरे आणि शिवण लेखकाची. मात्र रॅन्सम जन्मभर होड्या हाकणारा माणूस, त्याने जाणूनबुजून शिवण घातली. ब्लायटनबाईंची आपोआप पडली.

खारे_वारे

थोडं मूळ मुद्द्यावर येऊ. सरमिसळ मान्य. पण सरमिसळीत डॉर्सेटचा वाटा सगळ्यात मोठा, हे मी सोडणार नाही. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, "किरिन आयलंड अगेन" (१९४७). त्यात किनाऱ्यावरच्या दगडाच्या खाणीतून निघालेलं भुयार समुद्राखालून बेटावर जातं. आता पर्बेकचा किनारा बघा, सगळा खाणींनी पोखरलेला. पर्बेकचा दगड मध्ययुगापासून निघतोय, विन्स्पिट आणि टिली व्हिमला समुद्राच्या तोंडाशी खाणकामगारांनी खोदलेल्या गुहा अजून आहेत. मी विन्स्पिटला आत उभा राहिलोय. बाहेर ऊन, आत गार अंधार, छताला आधार म्हणून सोडलेले दगडी खांब आणि मागून लाटांचा आवाज येतो तो जमिनीखालून आल्यासारखा. तिथे उभं राहिलं की "ही गुहा पुढे कुठे जाते?" हा प्रश्न दहा वर्षांच्या पोरालाच नाही, पन्नाशीच्या माणसालाही पडतो.

दुसरी, १९६२ च्या पुस्तकातलं व्हिस्परिंग आयलंड. याबद्दल फारसा वादच नाही, ते पूल हार्बरमधलं ब्राउन्सी. बेडन-पॉवेलनी १९०७ मध्ये स्काउटचा पहिला प्रायोगिक कॅम्प घेतला तेच बेट. १९२७ पासून ते मिसेस बॉनहॅम-क्रिस्टी नावाच्या बाईंकडे होतं. त्यांनी माणसांना बंदी केली आणि बेट झाडांना, प्राण्यांना सोडून दिलं. पुस्तकात काय आहे? पहारेकरी ठेवून लोकांना लांब ठेवणारं बेट, माणसाला न घाबरणारे प्राणी आणि टेकडीवरच्या गोल्फ कोर्सवरून दिसणारं बंदर. तो गोल्फ कोर्स ब्लायटनबाई आणि त्यांच्या दुसऱ्या नवऱ्याच्या मालकीचा होता! बाई वर्षानुवर्षं तिथे गोल्फ खेळत आणि समोर ते बंद बेट बघत. मालकीणबाई १९६१ मध्ये गेल्या, १९६३ मध्ये बेट लोकांना खुलं झालं. पुस्तक बरोब्बर मधलं.

नकाशेवेडा

ब्राउन्सीबद्दल वाद नाही. उलट त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. बाईंना जागा जशीच्या तशी उचलायची होती तेव्हा त्यांनी ती ओळखू येईल अशी उचलली. किरिन ओळखू येत नाही, कारण ती एक जागा नाहीच.

चकवाचांदणी

मग सगळ्या जगाला डॉर्सेटच का वाटतं?

टिपकागद

माझा अंदाज: विडंबनामुळे. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर सुरू झालं, त्याच रात्री "फाइव्ह गो मॅड इन डॉर्सेट" दाखवलं गेलं. शीर्षकातच डॉर्सेट! भोचक_भवानी ज्या जिंजर बिअरवर पहिल्यापासून टेकल्यात, त्यातला "लॅशिंग्ज ऑफ जिंजर बिअर" हा वाक्प्रचारही त्यातलाच. मूळ पुस्तकांत शोधून सापडणार नाही. लोकांनी टिंगल बघितली आणि तिलाच संदर्भग्रंथ मानलं.

भोचक_भवानी

म्हणजे मी चाळीस वर्षं खोट्या आठवणीवर जगतेय? इनो द्या कोणीतरी.

गोगलगाय

मग फेमस फाइव्हमधलं स्मगलर्स टॉप कुठलं? दलदलीतली टेकडी, धुकं, भुयारं. मला वाटतं राय. ससेक्समधलं ते टेकडीवरचं गाव एकेकाळी जवळजवळ पाण्याने वेढलेलं होतं, खाली रॉम्नी मार्शची दलदल, आणि अठराव्या शतकात हॉकहर्स्ट टोळीचे तस्कर तिथल्या मरमेड इनमध्ये उघड बसायचे. पुरावा शून्य, पण गावच तसं आहे.

शंखशिंपले

राय पटलं. वाचनखूण साधली.

अर्धविराम

माझा धागा मस्त पळाला, पण मी होतो तिथेच आहे. जर्सीला बेट आहे पण होडी नको, डॉर्सेटला किल्ला आहे पण पाणी नाही, कॉर्नवॉल बाद, आणि काजवाकाकांच्या मते जागाच नाही. नऊ वर्षांच्या मुलीला "ती आठवणींची सरमिसळ आहे" म्हणून कुठल्या स्टेशनवर उतरवू?

खारे_वारे

@अर्धविराम, हा शेवटचा प्रयत्न. आधीच सांगायला हवं होतं, पण वादाच्या भरात राहून गेलं.

या भागाचं नावच आयल ऑफ पर्बेक. नावात बेट, नकाशात द्वीपकल्प. कॉर्फचा किल्ला टेकड्यांच्या रांगेतल्या खिंडीत एका सुट्या टेकाडावर आहे. शरद ऋतूत, रात्री आभाळ निरभ्र असलं की पहाटे खालच्या दरीत धुकं साचतं. मी एकदा ऑक्टोबरात सहाच्या सुमारास पश्चिमेच्या टेकडीवर चढलो होतो, हातात टॉर्च, बूट गवताने चिंब. वर पोहोचलो तेव्हा गाव दिसत नव्हतं. रस्ता नाही, कुरण नाही, काही नाही. पांढरं, सपाट, हळूहळू हलणारं धुकं आणि त्याच्या मधोमध किल्ल्याचे सुळके. १६४६ मध्ये पार्लमेंटच्या सैन्याने सुरुंग लावून पाडलेला तो बुरुज वाकडाच्या वाकडा वर आलेला. मग पहिला जॅकडॉ ओरडला.

ते बेट होतं. मी शपथेवर सांगतो.

ब्लायटनबाईंनी ते तसं पाहिलं का, मला माहीत नाही. पण जर्सीचं पाणी डोक्यात असलेल्या बाईने एकदा जरी ते बघितलं असेल...

नकाशेवेडा

...

ठीक आहे. धुकं पुराव्यात धरता येत नाही, पण माझी हरकत नाही.

काजवा_७१

नकाशेवेड्याने हरकत मागे घेतली! धागा वर पिन करा.

शंखशिंपले

ऑगस्टमध्ये धुकं मिळेलच असं नाही, तेव्हा अपेक्षा फार वाढवू नका. स्वॉनेजला राहा, तिथून वाफेच्या इंजिनाची गाडी कॉर्फला जाते. ती ब्रिटिश रेल्वेने १९७२ मध्ये बंद केली होती, हौशी लोकांनी रूळ पुन्हा टाकून चालू केली. मुलीला खिडकीशी बसवा. दुसऱ्या दिवशी बोटीने ब्राउन्सी. होडी पण झाली, बेट पण झालं.

अर्धविराम

ठरलं. एकाचे दोन दिवस केले, बॉसला कळवायचं बाकी आहे. लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं, इतक्या मोठ्या माणसांना सापडत नाही म्हणजे जॉर्जने नीट लपवलंय.

भोचक_भवानी

या एका वाक्यापुढे आमचे सगळे प्रतिसाद रद्द.

अर्धविराम

(सात आठवड्यांनंतर)

जाऊन आलो. वृत्तांत मोठा लिहीन म्हणून रखडला, तेव्हा थोडक्यात.

धुकं नव्हतं. पाऊस होता, आडवा. किल्ल्याच्या दारात तिने चहूकडे बघितलं आणि अपेक्षित प्रश्न विचारला. मी खारे_वारेंचं ऑक्टोबरचं वर्णन फोनवर काढून तिथेच वाचून दाखवलं, छत्री सांभाळत. ती काही बोलली नाही. मग पडक्या भिंतीच्या आडोशाला सँडविच खाताना एक जॅकडॉ अगदी हातभर अंतरावर येऊन बसला, पांढुरक्या डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला आणि कडेचा तुकडा घेऊन उडाला. तिने किंकाळी मारली ती आनंदाची.

निघताना मॅडम सापडेनात. बघतो तर भिंतीखाली वाकून काहीतरी शोधतायत. एक ओली काटकी घेऊन आल्या. "वरून पडलीये, त्यांचीच आहे," म्हणाल्या, आणि रुमालात गुंडाळून माझ्या खिशात ठेवली.

खारे_वारे, ऑक्टोबरात किती वाजता चढायला लागता तुम्ही? विचारणा माझी नाही.